धबधब्याला जाऊ, पण सगळे मिळून



आषाढ पौर्णिमेनंतरच्या रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, ग्रंथवाचन झाले आणि सतरंज्या गुंडाळता गुंडाळता एक मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, या साली धबधब्याला जायचं का?" झाले! चार पोरे लगेच गोळा झाली. मोटारसायकली कुणाच्या घ्यायच्या, पेट्रोल कुणी टाकायचे, हेही दोन मिनिटांत ठरले. तेवढ्यात मागून त्याच्या आईचा आवाज आला, "कुठं जायचं नाही. मागच्या साली काय झालं ते विसरलास काय?"

मागच्या साली काय झाले ते आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. तीन पोरे घरात न सांगता एका धबधब्यावर गेली होती. एकाचा पाय शेवाळावरून सटकला. झाडाच्या मुळीला हात अडकला म्हणून जीव वाचला, पण पाय मोडला. अडीच महिने तो लूमवर उभा राहू शकला नाही. लूमची मजुरी मीटरवर. मीटर नाही तर मजुरी नाही. तेवढे दिवस ते घर त्याच्या आईने कांड्या भरून चालवले. आता तीच माउली "जायचं नाही" म्हणत होती. तिला कोण काय बोलणार? आम्हीही मान डोलावली.

पण एक मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचाही जन्म कांड्या भरण्यात गेलेला. त्या हळूच म्हणाल्या, "पोरं निदान चोरून तरी जातात. मला भिवंडीत येऊन तीस वर्षं झाली. धबधबा कसा असतो ते मी टीव्हीतच बघितलंय."

विहार एकदम गप्प झाला. बंदी घातली तर पोरे जायची थांबत नाहीत, फक्त सांगायची थांबतात, हे आमच्या ध्यानात आले. आणि ज्या बायकांनी कधी जायचे म्हटलेच नाही, त्यांना आपण कधी विचारलेलेच नाही, हेही ध्यानात आले. मग सतरंजी पुन्हा अंथरली आणि सगळे बसलो.

सहल ही चैन आहे काय?

आमच्यातले एक आबा म्हणाले, "अरे, सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन. त्या पैशात पोरांच्या वह्या येतील." आबांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याने बारा-बारा तासांच्या पाळ्या करून पोरे शिकवली, तो एकेक रुपया मोजणारच. पण आबांना आम्ही एक आठवण करून दिली, ती वाचकांनाही सांगावीशी वाटते.

1934 साली चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांकडे एक इच्छा बोलून दाखवली. आपण मिळून सहलीला जाऊ, पण तुम्ही बरोबर असाल तरच. बाबासाहेब हो म्हणाले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस माणसे बसने निघाली. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर एवढ्या मोठ्या समाजाचा भार होता, त्या माणसानेही आपल्या माणसांबरोबर सहलीसाठी वेळ काढला. लेणी पाहणे ही त्यांच्या लेखी वेळेची नासाडी नव्हती.

वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सगळ्यांची तोंडे माखलेली. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे टाके भरलेले होते. काहींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात आरडाओरड झाली की यांनी टाके बाटवले. लोक जमले, प्रकरण हातघाईवर येऊ लागले. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. तेवढ्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आपल्या लिखाणात हे नमूद करून ठेवले आहे.

महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सात वर्षे झाली होती, तरी हा प्रकार! पाण्यावर पहारा होता तो पाण्यासाठी नव्हता, आपल्या हातांसाठी होता. आज आपण लेकराबाळांसह एखाद्या ओढ्याच्या काठी बसून भाकरी खाल्ली, त्या पाण्यात पाय सोडले, तर त्याला चैन म्हणायचे की आणखी काही, ते ज्याचे त्याने ठरवावे. आबा काही बोलले नाहीत. पण "वह्यांचे पैसे आधी बाजूला ठेवा," एवढे म्हणून त्यांनी परवानगी दिली.

कुठे जायचे?

पोरांच्या तोंडी चिंचोटीचे नाव होते. कामण-चिंचोटीचा रस्ता आपल्या भिवंडीतूनच जातो, त्यामुळे ते जवळचे वाटते. पण तिथल्या डोहांनी आजवर कितीतरी तरुण जीव घेतले आहेत. जुलै 2018 मध्ये एका दिवसाच्या पावसात तिथे शंभरावर माणसे अडकून पडली आणि बचाव पथकांना त्यांना बाहेर काढावे लागले. बायका-मुले घेऊन जायची ती जागा नव्हे.

आम्ही कोंडाणे लेणी निवडली. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या जंगलात ही बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी कोरलेली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. एक चैत्य आणि भिक्खूंच्या राहण्याचे विहार, असा सोळा लेण्यांचा समूह आहे. आणि पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी या लेण्यांच्या कपाळावरून खाली कोसळते. आत चैत्य, दारात पाण्याचा पडदा. धबधबाही झाला आणि धम्माचा वारसाही पाहिला. एकाच तिकिटात दोन्ही!

जायचे असे : भिवंडीहून एस.टी. किंवा रिक्षाने कोनगाव, दुर्गाडीमार्गे कल्याण. कल्याणहून कर्जतची लोकल, साधारण तासाभराचा प्रवास. कर्जत स्टेशनाबाहेरून रिक्षाने कोंदिवडे गाव. तिथून पुढे पायवाट. चालणे एक ते दीड तासाचे, मुले आणि वयस्क माणसे असतील तर दोन तास धरा. चढ फार मोठा नाही, पण वाट जंगलातली, चिखलाची आणि मध्ये ओढे आडवे येणारी आहे. गावातला एखादा माहीतगार माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. त्या भागात ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. तेही आपल्यासारखेच कष्टकरी. त्यांच्याशी घासाघीस करून वीस रुपये वाचवण्यात काही मोठेपणा नाही.

ज्यांना इतके चालवणार नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. लोनाडची लेणी आपल्या भिवंडी तालुक्यातच आहेत. आम्ही तर ठरवले आहे की कोंडाण्याच्या आधी एका रविवारी सगळ्यांनी लोनाडला जाऊन यायचे. कुणाची चप्पल तुटते, कुणाला दम लागतो, कोण पुढे पळतो, ते सगळे तिथेच कळेल.

कधी जायचे?

जुलै-ऑगस्टमध्ये नको. तेव्हा पाऊस एका तासात ओढ्याचे रूप पालटून टाकतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती सुद्धा कुटुंबाची सहलच होती. गेली तेव्हा पाणी कमी होते, बघता बघता वाढले. डोंगरावर पडलेला पाऊस आपल्याला खाली दिसत नाही, त्याचे पाणी तेवढे येते.

म्हणून आम्ही सप्टेंबरच्या अखेरचा रविवार धरला आहे. पाऊस ओसरतो, रान हिरवे असते आणि धबधबाही चालू असतो. तरीही आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहायचा. रायगड किंवा ठाणे जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सहल रद्द, चर्चा नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते, तेव्हा कर्जतला आधी चौकशी करायची. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तोही शनिवारीच पाहून ठेवायचा.

रविवारचा एक पेच आहे. शाळेला रविवारी सुट्टी, पण ज्यांच्या लूमला शुक्रवारी सुट्टी असते त्यांचा खाडा पडतो. त्यांनी पंधरा दिवस आधीच सोबतच्या कामगाराशी पाळी बदलून घ्यावी आणि मुकादमाच्या कानावर घालावे. गोदामात काम करणाऱ्यांनीही तसेच करावे. आयत्या वेळी खाडा टाकून येऊ नये. सहलीच्या आनंदात दुसऱ्या दिवशीच्या बोलण्याची धास्ती नको.

पैशाचा हिशेब

विहारात एक डबा ठेवला आहे. दर रविवारी प्रत्येक घराने वीस रुपये टाकायचे. आषाढापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दहा रविवार धरले तरी घरटी दोनशे रुपये होतात. लोकलचे तिकीट माणशी फार नाही, खरा खर्च रिक्षांचा आहे, तो सगळ्यांत वाटला की हलका होतो. ज्या घराला जमणार नाही त्या घराचे पैसे डब्यातून भरायचे आणि ते कुणाचे, हे खजिनदाराशिवाय कुणाला कळता कामा नये. डब्याचा हिशेब फळ्यावर लिहायचा. आणि एक ठराव आबांच्या आग्रहाने झाला : नागपूरच्या दीक्षाभूमीला जायचे पैसे वेगळे, त्याला हात लावायचा नाही.

कोणी काय करायचे?

पाच-पाच माणसांचे गट पाडले आहेत. प्रत्येक गटाला एक प्रमुख. मागच्या साली ज्याचा पाय मोडला, त्यालाच आम्ही एका गटाचा प्रमुख केले आहे. शेवाळ म्हणजे काय हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? त्याच्या आईने हे ऐकले आणि पहिल्यांदा थोडी हसली.

गटप्रमुखाकडे शिट्टी, बॅटरी आणि नावांचा कागद. कल्याणला, कर्जतला, ओढा ओलांडल्यावर आणि परत निघताना, अशी चार वेळा मोजणी. बरोबर वीस हात दोर, चिकटपट्टी, कापूस, आयोडीन, मीठ-साखर. दरीत मोबाईलला रेंज राहीलच असे नाही, म्हणून परत कधी येणार ते घरी राहणाऱ्यांना लिहून द्यायचे. रुग्णवाहिकेसाठी 108 नंबर मुलांनाही पाठ असू द्या.

पायात पट्ट्याचे पक्के सँडल किंवा कॅनव्हासचे बूट. स्लीपर चालणार नाही. साडी नेसणाऱ्यांनी थोडी आखूड नेसावी, ज्यांना सलवार-कमीज बरा वाटेल त्यांनी तो घालावा, कुणी नावे ठेवू नयेत. अंगावरच्या कपड्यांशिवाय एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोन्याचे काही नको.

बायकांच्या अडचणीचेही उघड बोललेच पाहिजे. न बोलल्यामुळेच कितीतरी बाया दिवसभर पाणी न पिता राहतात आणि मग आजारी पडतात. कर्जत स्टेशनवर सगळ्यांनी उरकून घ्यावे. पुढे दोन जुन्या साड्या आडोशाला बरोबर असतील. पाणी भरपूर प्यावे.

जेवणाबद्दल एक गोष्ट पुरुषांनी नीट वाचावी. दर सहलीला होते काय, की आदल्या रात्री बारापर्यंत बाया भाकऱ्या थापतात, पहाटे तीनला पुन्हा उठतात आणि सहलीत झोपेने पेंगतात. हे या वेळी नाही. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी बटाट्याची भाजी, सुकट, कांदे हे शनिवारी संध्याकाळी विहारात सगळ्यांनी मिळून करायचे. पुरुषांनी कांदे चिरायचे, भांडी घासायची. केळी आणि गूळ-शेंगदाणे वेगळे. ज्या मावशींनी तीस वर्षांत धबधबा पाहिला नाही, त्यांनी त्या दिवशी तरी कुणाला वाढू नये, असे आम्हाला वाटते.

आणि दारू? पंचशील रोज म्हणतो आपण. ते विहाराच्या उंबरठ्याच्या आतच नसते. ज्याच्या पिशवीत बाटली सापडेल त्याला कर्जतहूनच परत पाठवण्यात येईल, मग तो कुणाचाही पाहुणा असो.

पाण्याशी कसे वागायचे?

धबधब्याच्या बरोबर खाली उभे राहायचे नाही. वरून पाण्याबरोबर दगड येतात. पाण्याच्या बाजूला बसायचे, तुषार अंगावर घ्यायचे. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे कुणी उतरायचे नाही, पोहता येणाऱ्यानेही नाही. उडी मारायची नाही. फोटोसाठी कड्याच्या टोकाला जायचे नाही. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या की वर पाऊस झाला असे समजून लगेच उंचावर यायचे. ओढा भरला असेल तर ओलांडायचा नाही, ओसरेपर्यंत थांबायचे. दुपारी दोन वाजता शिट्टी, मग सगळे परत. "अजून दहा मिनिटं" हे शब्द त्या दिवशी बंद.

लेण्यात मुलांना काय सांगायचे?

सध्या वर्षावास चालू आहे. भिक्खू पावसाचे तीन महिने एका जागी का राहू लागले, त्याची हकिगत विनयपिटकाच्या महावग्गात आहे. पावसात भिक्खू फिरत, तेव्हा लोक तक्रार करू लागले की हे हिरवे गवत तुडवतात, त्यांच्या पायाखाली बारीक जीव मरतात. भगवंतांनी लोकांचे म्हणणे ऐकले आणि वर्षावासाचा नियम घालून दिला. गवताचीही ज्याला पर्वा, त्याच्या लेण्याला आपण चाललो आहोत. तेव्हा वाट सोडून झाडे मोडत जायचे नाही, एवढे मुलांना समजेल.

दुसरी गोष्ट. कल्याण हे त्या काळी मोठे बंदर होते. कल्याणच्या दानशूर लोकांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत आजही आहेत. बंदरातला माल घाटावर जायच्या वाटांवर ही लेणी खोदली गेली. म्हणजे आपण लोकलने ज्या दिशेने जाणार, जवळपास त्याच दिशेने दोन हजार वर्षांपूर्वी तांडे आणि भिक्खू चालत जात होते.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. कोंडाण्याच्या चैत्यापाशी एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ असा की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाही. ज्याने हातोडा-छिन्नी चालवली त्या कारागिराचे नाव! आपण रात्रंदिवस कापड विणतो, ताके देशभर जातात, पण त्यावर विणणाऱ्याचे नाव कुठे असते? मुलांना ते अक्षर दाखवा. सांगा, की हातांनी काम करणाऱ्याच्या नावालाही इथे जागा होती. आणि हेही सांगा, की बलकाने आधी लेणे घडवले, मग नाव कोरले. आपण तिथे खडूने, कोळशाने नाव लिहायचे नाही. शेकडो वर्षांचे ऊन-पाऊस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा भूकंप सोसून हे लेणे उभे आहे. त्याला आपला हातभार लागायचा तो जपण्यासाठी.

तेच पाणी, तोच नळ

शेवटी कचऱ्याचे. कोंडाण्याचा ओढा उल्हास नदीला मिळतो. उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत कल्याणकडे येते. शहाडला त्या नदीचे पाणी उचलतात, टेमघरला ते शुद्ध होते आणि 'स्टेम'च्या जलवाहिन्यांनी भिवंडीत येते. स्टेम हे नावच मुळी शहाड आणि टेमघर यांवरून पडले आहे. भिवंडीतल्या सगळ्याच नळांना हे पाणी येते असे नाही, पण पुष्कळ घरांत येते. राहिलेले खाडीला मिळून दुर्गाडीच्या पुलाखालून जाते. म्हणजे आपण त्या ओढ्यात वेफरचे पाकीट टाकले, साबण लावून कपडे धुतले, तर ते शेजाऱ्याच्या माठातच टाकले म्हणायचे. आपल्या कचऱ्याची पिशवी आपणच परत आणायची, आणि वाटेत दुसऱ्याचा दिसला तर तोही उचलायचा. पाण्याला हात लावायचा हक्क आपल्या आधीच्यांनी मार खाऊन मिळवला. ते स्वच्छ ठेवायला आपल्याला फक्त वाकायचे आहे.

तर वाचकहो, आमची ही अशी तयारी चालली आहे. आपल्या वस्तीतही विहारात बसून असे ठरवता येईल. कोंडाणेच हवे असे नाही, जवळचे कुठलेही लेणे, कुठलाही ओढा चालेल. पण पोरांना एकटे पाठवू नका आणि आयांना घरी ठेवू नका.

आमच्या डब्यात पहिली वीसची नोट कुणी टाकली असेल? त्याच मावशींनी. नोट टाकून त्या आम्हाला म्हणाल्या, "काका, पाण्यात पाय सोडला तर चालेल ना हो?"

चालेल, मावशी. तुम्हाला कुणी अडवणार नाही.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं.